कथंचित् मूळच

जुन्या जपानी स्टिरिओ रिसीव्हरच्या पोटात एक काळा ठोकळा असतो. अंगाच्या साबणाच्या वडीएवढा, पण चपटा. त्याची पाठ ॲल्युमिनियमची आणि ती उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांना दोन स्क्रूंनी घट्ट आवळलेली. एका कडेला कंगव्यासारखे धातूचे दात. आकाशवाणीवरून आलेला किंवा रेकॉर्डच्या सुईनं उचललेला क्षीणसा आवाज स्पीकरचा पडदा हलेल इतका जोरकस करायचा, हे शेवटचं काम या ठोकळ्याचं. तो जळला की बाकी सगळं शाबूत असूनही यंत्र मुकं. आणि असे ठोकळे आता निघत नाहीत. मग जुना काढून त्या जागी दुसरं काहीतरी बसवावं लागतं. बसवल्यावर यंत्र तेच राहिलं का, हा एक प्रश्न. ते विकताना घेणाऱ्याला काय सांगायचं, हा दुसरा. पहिला पंडितांचा आणि दुसरा दुकानदाराचा, असं वरवर दिसतं. मला ते दोन्ही एकमेकांत अडकलेले दिसतात.

मैत्रिणींनो, विषय पुरुषांचा म्हणून पान उलटू नका. मिक्सरचं कपलर, कुकरची रिंग आणि इडलीपात्राचं झाकण बदलून बदलून एकच संसार तीस वर्षं चालवणाऱ्या बायकांइतका या विषयाचा अधिकार कुणाला असेल असं मला वाटत नाही.

रिसीव्हर म्हणजे रेडिओ, आवाज घडवणारा भाग आणि तो मोठा करणारा भाग, तिन्ही एकाच पेटीत. १९७० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांनी ही यंत्रं अमेरिकेला आणि मग जगभर पुरवली. कुणाचा आवाज किती वॅटचा, याची तेव्हा चढाओढ होती. इतकी की १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला, की वॅटचा आकडा कसा मोजला तेही जाहिरातीत सांगा. हा नियम मला फार आवडतो. आकडा खोटा नसतोच, पण तो कशावर, किती वेळ, किती विकृती धरून मोजला हे गाळलं की खरा आकडाही फसवतो. पुढे १९७८ मध्ये पायोनियरनं एसएक्स-१९८० नावाचा रिसीव्हर काढला तो एका बाजूला २७० वॅटचा. त्या राक्षसी यंत्रांत सुटे सुटे ट्रान्झिस्टर असायचे. मधल्या किमतीच्या यंत्रांत मात्र प्रत्येक ट्रान्झिस्टर हातानं बसवणं परवडेना. तिथं सान्यो कंपनीचे 'एसटीके' ठोकळे आले. एकाच धातूच्या पत्र्यावर उष्णता जाऊ देणारा पण वीज अडवणारा थर, त्यावर कवच नसलेले उघडे ट्रान्झिस्टर आणि छापलेले रोध, वरून झाकण लावून सगळं बंद. पायोनियरच्याच ४५ वॅटच्या एसएक्स-७८० मध्ये असे एसटीके-००५० होते. कारखान्याचं काम सोपं झालं. दुरुस्तीचं मात्र अवघड, कारण आतला एक कण जळला तरी अख्खा ठोकळा फेकायचा. फेकायला हरकत नव्हती, तोवर दुसरा मिळत होता. २०११ मध्ये सान्योचा हा सेमीकंडक्टरचा धंदा ऑन सेमीकंडक्टर या अमेरिकन कंपनीकडे गेला, आणि जुन्या यंत्रांचे ठोकळे आता फक्त कुणाच्या तरी कपाटात राहिलेले.

आमच्या घरातला रिसीव्हर त्याच पिढीतला. कोणत्या कंपनीचा ते राहू द्या. मामांनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) कुवेतमध्ये नोकरी करून १९८० मध्ये बेळगावला परत येताना तो आणला. जपानमध्ये विकली जाणारी यंत्रं शंभर व्होल्टची आणि त्यांचा एफएमचा पट्टाही आपल्यापेक्षा वेगळा, ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. मामांनी आखातातला, आपल्या विजेवर चालणारा आणि ८८ ते १०८ चा पट्टा असलेला बघून घेतला. कस्टमचं शुल्क भरलं आणि त्याची पावती यंत्राच्या पुस्तिकेत घडी घालून ठेवली. तेव्हा बरोबरीच्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, असं आत्या सांगतात. त्यावर पहाटे धारवाड आकाशवाणी लागायची. मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं लागलं की मामा स्नानाला उशीर करायचे, आणि आत्यांची देवदर्शनाची वेळ टळायची.

मामा गेले. शहापूरचं जुनं घर काढायचं ठरलं, तेव्हा रिसीव्हर विकून येणारे पैसे बस्तीच्या पाठशाळेला मामांच्या नावे द्यायचे, हेही ठरलं. त्याच्या महिनाभर आधी घरातल्या एका कार्याच्या गडबडीत कुणीतरी मुलानं स्पीकरच्या उघड्या तारा एकमेकींना टेकू दिल्या. उजवी बाजू गेली. यंत्र सुरू केल्यावर आतून रिलेचा जो 'टक्' आवाज येतो, तो येईना. तो आवाज म्हणजे राखणदाराचा शब्द असतो. बाहेर जाणाऱ्या तारेत सरळ वीज नाही, स्पीकर जळणार नाही, अशी खात्री झाल्यावरच तो दार उघडतो.

खडे बाजारात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी आधी बाजारातून त्याच नंबरचा एक नवा ठोकळा आठशे रुपयांना आणला. अक्षरं तीच, खूण तीच. हातात घेतल्याबरोबर म्हणाले, "वहिनी, हा हलका लागतोय." मग ब्लेडनं झाकण उचकटून जळलेल्याच्या शेजारी ठेवला. अस्सल ठोकळ्यातले ट्रान्झिस्टर ज्वारीच्या दाण्याएवढे, नव्यातले मोहरीएवढे. पत्राही पातळ. असा ठोकळा बारीक आवाजात चार दिवस छान गातो, आणि आवाज वाढवला की जातो. जाता जाता कधी स्पीकरही घेऊन जातो. अशी नक्कल जगभर विकली जाते.

मी म्हटलं, "परत करून पैसे घ्या." काका म्हणाले, "परत केला तर तो माणूस उद्या दुसऱ्याला देणार. मग तो कुणाच्या तरी यंत्रात जाणार." म्हणून त्यांनी तो फोडूनच टाकला आणि आठशे रुपये सोसले. आम्ही देऊ केले तर घेतले नाहीत. "मीच आणला होता ना," एवढंच बोलले. त्यांचा धर्म मी विचारला नाही, पण हा कोणता धर्म ते मला ओळखू आलं.

दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय दहा दिवस ऐकतो. सातव्या दिवशी सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार येतात. बसून बसून पाय अवघडलेले असतात आणि यादी लांब, त्यामुळे लक्ष उडतं. पण अचौर्यव्रताच्या पाच अतिचारांत शेवटचा शब्द आहे 'प्रतिरूपकव्यवहार'. अस्सल म्हणून नक्कल विकणं. हे सत्यव्रताच्या यादीत नाही, चोरीच्या यादीत आहे. मला वाटतं उमास्वामींनी हे फार विचारानं केलं. बनावट ठोकळा विकणारा तोंडानं कदाचित एकही खोटा शब्द बोलत नाही. नंबर मागितला, नंबर दिला. तरीही घेणाऱ्याच्या खिशातून काहीतरी गेलेलं असतं, आणि ते फक्त आठशे रुपये नसतात. (त्याच यादीत 'विरुद्धराज्यातिक्रम' आहे, राज्याचे नियम चुकवून माल आणणं. मामांची पावती आठवून मला हसू येतं. ऐंशी सालच्या विमानतळावर तो अतिचार टाळणं म्हणजे लहानशी तपश्चर्याच असणार.)

दुसरा मार्ग होता तो जुनं यंत्र फोडायचा. वास्कोत एकाकडे आमच्यासारखाच रिसीव्हर 'सुट्या भागांसाठी' विकायला होता. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याच्या डायलचा दोरा तुटलाय आणि दिवे गेलेत, एवढंच. आवाज ठीक. म्हणजे सुईत दोरा ओवता येणाऱ्या कुणालाही जे दुरुस्त करता येईल, ते चालतं यंत्र आमच्यासाठी मोडायचं. जाऊबाईंनी गमतीनं विचारलं, यात हिंसा होते का? नाही होत. यंत्र अजीव आहे, पुद्गल आहे, त्यासाठी कुण्या महाराजांना विचारायला जायचं कारण नाही. पण आपल्याकडे पाणी गाळताना, दिवा ठेवताना, भांडं सरकवताना जो यत्न शिकवतात, तो फक्त जीव मरेल म्हणून असतो का? त्या यत्नातून हातालाच एक वळण लागतं. ज्याला वळण लागलंय तो हात चालती वस्तू मोडायला चटकन पुढे होत नाही. आम्ही तो घेतला नाही. पुढे दुसऱ्या कुणी तो मोडायला नेला असेल तर मला माहीत नाही, आणि त्याचं ओझं मी घेत नाही.

राहिला तिसरा मार्ग, आणि तोच झाला. काकांनी ठोकळ्याच्या मापाची छोटी पाटी केली, तिच्यावर सुटे ट्रान्झिस्टर बसवले, दात जिथं होते तिथंच तारा आणल्या, स्क्रूही जुन्याच भोकांत. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात एक बारकावा आहे जो मला अजून आठवतो. काहीच वाजत नसतानाही या ट्रान्झिस्टरांतून किंचितशी वीज वाहती ठेवावी लागते. फार कमी झाली तर हळू आवाजात स्वर खरखरीत होतो, फार झाली तर यंत्र तापत जातं. ते तापणं बघून वीज कमी करणारा एक पहारेकरी मूळ ठोकळ्यात त्याच पत्र्यावर बसलेला असतो. नव्या रचनेत तो पहारेकरी त्याच ॲल्युमिनियमला चिकटवायचा, नाहीतर त्याला ताप कळतच नाही. मग पहिल्यांदा सुरू करताना शंभरचा बल्ब सिरीजमध्ये जोडून वीज दिली. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट. एकदा चमकून मंद झाला तर ठीक. मंद झाला. काकांनी मीटर लावून स्पीकरच्या टोकाला सरळ वीज मोजली, ती काही मिलिव्होल्ट. थोड्या वेळानं आतून 'टक्' झालं.

डावी बाजू चांगली होती, तरी काकांनी ती पण बदलली. दोन्ही बाजूंचा स्वभाव सारखा हवा, म्हणाले. डावा अस्सल ठोकळा त्यांनी मंगळूरच्या एका माणसाला देऊ का विचारलं, त्याच्या यंत्रात एक बाजू बंद होती. आम्ही दिला. चाळीसहून जास्त वर्षांचा तो ठोकळा आता तिकडे कुणाच्या तरी घरी गातोय.

मग इंदूरहून भाऊजी आले, आणि खरा वाद सुरू झाला. जुन्या यंत्रांच्या बाजारात 'आतून संपूर्ण मूळ' या तीन शब्दांना जवळपास दीडपट किंमत असते. भाऊजी म्हणाले, कुणी विचारलं तरच सांगावं. मला त्यांचं म्हणणं उडवून लावावंसं वाटलं नाही, कारण त्यात वजन होतं. ते म्हणाले, "वहिनी, दुरुस्ती मूळपेक्षा मजबूत झालीय. आता एक ट्रान्झिस्टर गेला तर एकच बदलता येईल. पण 'बदललंय' म्हटलं की समोरचा काय समजणार? बिघडवलंय. म्हणजे तुमच्या खऱ्या बोलण्यानं त्याच्या डोक्यात खोटंच जाणार. आणि न बोललो तर त्याला चांगलं यंत्र मिळतंय, पाठशाळेला जास्त पैसे. यात नुकसान कुणाचं?" आणि वर हसून म्हणाले, "कथंचित् मूळच आहे की!"

स्याद्वादाचा हा उपयोग घराघरांत होतो. मुलगा अभ्यास केला का विचारल्यावर कथंचित् केला म्हणतो. पण 'स्यात्' म्हणजे असेलही-नसेलही असा गुळमुळीत शब्द नव्हे. 'या अपेक्षेनं' असा त्याचा अर्थ, आणि ती अपेक्षा बोलून दाखवायची असते. पेटी, डायल, रेडिओचा भाग, ट्रान्सफॉर्मर या अपेक्षेनं मूळ. आवाज मोठा करणाऱ्या भागाच्या अपेक्षेनं नाही. दोन्ही वाक्यं पूर्ण केली तर तो स्याद्वाद. एकच वाक्य बोलून अपेक्षा पोटात ठेवली, तर ती वॅटची जुनी जाहिरात.

पण खऱ्या बोलण्यानंही समोरच्याची समजूत चुकेल, या मुद्द्याला एवढ्यानं उत्तर मिळत नाही. त्यासाठी मला आचार्य समंतभद्रांचा दृष्टान्त आठवावा लागला. आप्तमीमांसेत त्यांनी सोन्याच्या घटाची गोष्ट घेतली आहे. घट वितळवून मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो दुःखी झाला, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदला, आणि ज्याला सोनंच हवं होतं त्याला काहीच वाटलं नाही. दृष्टान्त आहे तो द्रव्य टिकतं, पर्याय जातो-येतो हे दाखवायला; उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी कसे, ते सांगायला. पण मी तो स्वयंपाक करता करता मनात फिरवला तेव्हा मला त्यात विकणाराही दिसायला लागला. रिसीव्हर घ्यायला येणारेही असेच तीन. कुणाला १९७८ च्या कारखान्यातून निघालेली वस्तू जशीच्या तशी हवी, कुणाला दणकट आवाज हवा, कुणाला नुसतं जुन्या डायलकडे बघत गाणं ऐकायचं. पहिल्याला आमची दुरुस्ती म्हणजे नुकसान, दुसऱ्याला फायदा, तिसऱ्याला काही नाही. या तिघांपैकी आपण कोण, हे फक्त घेणाऱ्यालाच ठाऊक असतं. आणि काय वितळवलं गेलं, ते फक्त आम्हाला. आम्ही गप्प बसलो तर तिघांपैकी कोण व्हायचं ते त्याच्या वतीनं आम्हीच ठरवून टाकतो. त्याला चांगलं यंत्र मिळेलही. पण दुःखी व्हायचा की आनंदी व्हायचा हा त्याचा हक्क आम्ही काढून घेतलेला असेल. प्रतिरूपकव्यवहार चोरीच्या यादीत का, हे मला इथं जास्त कळलं. समोरच्याची समजूत चुकत असेल तर आणखी बोलावं, सविस्तर बोलावं. कमी बोलणं हा त्यावरचा उपाय नाही.

पाठशाळेला जास्त पैसे मिळतील, या मुद्द्याला आत्यांनीच उत्तर दिलं. त्या पलंगावर बसून भाज्या निवडत होत्या, आम्ही समजत होतो त्यांचं लक्ष नाही. म्हणाल्या, "पोरं त्या पैशानं सातवा अध्याय शिकणार ना रे?" भाऊजी गप्प झाले.

आत्यांचा स्वतःचा उजवा गुडघा धातूचा आहे. ऑपरेशननंतर सहा-सात महिने त्या 'तो गुडघा' म्हणायच्या, आता 'माझा' म्हणतात. मी विचारलं, काय बदललं? म्हणाल्या, दुखायचा थांबला. यावरून वस्तूच्या ओळखीबद्दल काही सिद्धांत काढता येईल असं मला वाटलं होतं, पण विमानतळावर तपासणीच्या दारातून जाताना त्या अजूनही आधीच सांगतात, "बाळा, आत लोखंड आहे हं." गुडघा त्यांचाच, लोखंडही खरं.

यंत्राची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं. काय काढलं, का काढलं, काय बसवलं, कोणत्या महिन्यात, ते एका कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं, जळलेला ठोकळा पिशवीत घालून सोबत ठेवला. दोन गिऱ्हाइकं ते वाचून निघून गेली. पहिल्या प्रकारातली असणार, त्यांचं काही चुकलं नाही. तिसरा म्हापशाचा तरुण मुलगा. त्यानं कागद दोनदा वाचला, काकांना फोन लावून पहारेकरी कुठं चिकटवलाय ते विचारलं, आणि पहिल्या गिऱ्हाइकानं देऊ केलेल्यापेक्षा बरेच कमी पैसे देऊन यंत्र घेतलं. मग पुस्तिका चाळताना त्याला मामांची कस्टमची पावती दिसली. यंत्राबरोबर हीपण मिळेल का, त्यानं विचारलं.

ती द्यायला कुणीच तयार होईना. शेवटी भाऊजी उठले, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन झेरॉक्स काढून आणली, आणि मुलाच्या हातात देण्याआधी खिशातलं पेन काढून वरच्या कोपऱ्यात ठळक लिहिलं, 'नक्कल'.